तळाचं पाणी

गोवा
१२ नोव्हेंबर २००६

ती. खेमसिंगकाकांस,
नलूचा सा. नमस्कार.

दिवाळीची सुटी संपवून परत आले. मी निघताना तुम्ही बजावलं होतं, "फोनवर विज्ञान सांगू नको. नायकाच्या घरचा फोन, अर्धा तांडा ओट्यावर बसून ऐकते अन् उरलेलं आपल्या मनानं जोडते." म्हणून हे पत्र. तुम्हाला चुका काढायला सोयीचं जावं म्हणून डावीकडे मुद्दाम रुंद समास सोडला आहे.

मी इथं नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलं होतं. टरबूजवाला टरबुजाला चिरा देऊन त्रिकोणी फोड काढून दाखवतो ना, तसं आमचं जहाज समुद्राच्या तळाची फोड काढतं. एक लांब नळी दोरानं खाली सोडायची, तळाच्या गाळात घुसवायची आणि आत अडकलेला गाळ उभाच्या उभा वर आणायचा. बंगालच्या उपसागरातली अशी एक नळी आता माझ्या टेबलावर आडवी पडून आहे. पाणी तिथं अंदाजे तीन किलोमीटर खोल होतं.

या गाळाजवळ चुंबक नेलं की त्यातून काळे दाणे निघून येतात. हे दाणे समुद्राचे नाहीत, काका. ते आपल्याकडच्या काळ्या दगडातलं चुंबकी लोखंड आहे. आपल्या शेतातून नाल्यात, नाल्यातून वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून समुद्रात, असा त्यांचा प्रवास. तिथं उजेड नाही, आवाज नाही. पाणी बर्फासारखं गार, आणि ते गप्प एका दिशेनं चाललेलं असतं. वर वादळ होऊन गेलं तरी तळाला त्याचा पत्ता नसतो. दाणा थोडा लांबट असतो. खाली बसताना तळाचं पाणी त्याला आपल्या वाटेनं वळवून ठेवतं आणि घरावरच्या कौलांसारखं जरा कलतं करून बसवतं. दाण्यांची रेघ पाण्याची वाट सांगते आणि कल सांगतो की पाणी त्या वाटेनं कुठल्या बाजूला गेलं. यंत्रात गाळाची छोटी डबी फिरवली की दोन्ही आकडे निघतात. हजारो वर्षांपूर्वीचे दाणे अजून तसेच बसलेले आहेत, सगळ्यांची तोंडं एकीकडे. कधी कधी डबी बंद करताना वाटतं, आपण कुणाच्या तरी मधे बोललो.

आता काम. तुलनेसाठी मला आपल्या सागनाला तलावातला गाळ हवा आहे. सोबत प्लास्टिकच्या चौकोनी डब्या पाठवते आहे. जमेल तसा भरून पाठवा, दिशा वगैरे काही बघायची गरज नाही.

आईला, माझ्या याडीला सांगा, तिनं दिलेली घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली अजून आहे. इथल्या पाण्याला चव नाही, म्हणून घोट घोट पुरवते.

तुमची,
नलू

*

मारेगाव
२६ नोव्हेंबर २००६

चि. नलूस,
काका खेमसिंग आडे याचा आशीर्वाद. जय सेवालाल.

पत्र पोचलं. समासात सहा खुणा झाल्या. त्यातली मोठी एकच सांगतो. "अंदाजे तीन किलोमीटर" असं तू लिहिलंस. अंदाजे हा शब्द माझ्या दुकानात चालत नाही. जळालेली मोटर घेऊन गिऱ्हाईक आलं आणि मी अंदाजे वेढे भरून दिले, तर ती मोटर विहिरीवर बसवून चार दिवसांत परत माझ्याच दारात येईल. मी सातवी पास माणूस. मोटर वाइंडिंग मला कोणी शिकवलं नाही. जुन्या मोटरी उसवून शिकलो. तू तर डॉक्टर होणार. खोली मोजून लिही.

बाकी विषय मला पहिल्या वाचनातच कळला. चुंबक ही माझी रोजची भाकर आहे.

गाळ काढला. कसा काढला तेही लिहितो, कारण तू विचारणारच. हरिसिंग तलावात मासे धरतो, त्याचा तराफा घेतला. लांब बांबूला दोन इंची पीव्हीसी नळी बांधली. बांबूवर वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ ओढली आणि प्रत्येक वेळी होकायंत्र लावून ती रेघ उत्तरेला धरूनच नळी गाळात दाबली. तराफ्याचा एक दोर तलावाच्या भिंतीला आणि दुसरा पल्याडच्या सागाला, म्हणजे तो फिरायचा प्रश्नच नाही. डब्यांवर उत्तरेचा बाण कोरला आहे. दिशेची गरज नाही असं तू लिहिलंस, पण अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही. बाणाप्रमाणे यंत्रात लावून बघ आणि पाणी कुठल्या बाजूला जातं ते कळव. सहज विचारतो.

इकडे कापसाच्या बंड्या खरेदी केंद्रासमोर लागून आहेत, बैल तिथंच बांधलेले आणि माणसं बंडीखालीच झोपतात. पेपरवाले येतात, औषध पिऊन गेलेल्या माणसांची नावं गावागावांतून लिहून नेतात. एकानं तुझ्या बापाचं, बादलचंही नाव टाकलं होतं, शेतकरी म्हणून. मी यवतमाळला जाऊन ते काढायला लावलं. म्हटलं, माझा भाऊ बादल आडे हा सागनाला तलावाचा गेट ऑपरेटर होता, आणि तो गेला असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. तो वार्ताहर म्हणे, "काका, आठ वर्षं झाली." मी म्हटलं, आठ वर्षं हा पुरावा नव्हे.

तुझी आई बरी आहे. तांड्यातल्या बाकीच्या विहिरी माघातच तळाला जातात, तिची भर उन्हाळ्यात भरलेली असते. सगळा तांडा तिच्याच विहिरीवर. बाया म्हणतात, रुक्माबाईचं पुण्य. ती अजूनही संध्याकाळी काठावर बसून आत कान लावते. म्हणते, गेटचं चाक फिरवल्याचा आवाज येते. मी कितीदा सांगितलं, खडकाच्या फटीतली हवा आहे. कानाजवळची सवाशिणीची घुगरी तिनं तशीच ठेवली आहे. रूपसिंग नायक परवा बोलला, "खेमसिंग, बाई सवाशीण की विधवा, हे तांड्याले एकदाचं समजू दे." मी उठून निघालो. अंदाजे उत्तर मी देत नाही.

डब्या रजिस्टर पार्सलनं निघाल्या.

तुझा,
काका

*

गोवा
१९ जानेवारी २००७

ती. काकांस, सा. न.

खोली तीन हजार दोनशे दहा मीटर होती. आता तरी समास कोरा राहू दे.

तुमच्या डब्या इतक्या नीट भरलेल्या होत्या की आमच्या सरांनी विचारलं, कुठल्या संस्थेतून आल्या? मी म्हटलं, आडे मोटर वाइंडिंग वर्क्स. ते हसले, मग त्यांनी एक डबी हातात घेऊन पाहिली आणि हसायचे थांबले.

काका, तळ्यातला गाळ कसा असायला हवा ते सांगते. पाणी उभं, म्हणून दाणे कसेही पडलेले, पत्त्यांचा कॅट जमिनीवर सांडावा तसे. मला तेच दिसेल असं वाटलं होतं. पण तुमच्या सगळ्या डब्यांत दाणे एका रेघेत बसले आहेत. वरच्या थरात आणि खालच्या थरातही. मी यंत्र बिघडलं असं समजून पुन्हा मोजलं. आकडे तेच.

तलाव उभा नाही. तो खालून चालतो आहे.

तुमच्या बाणाप्रमाणे धरलं तर पाणी भिंतीच्या गेटकडे जातं. म्हणजे बहुतेक गेट बंद असतानाही गळतं. पाटबंधाऱ्याच्या लोकांना सांगायला हवं. मला मात्र एक गोष्ट नीट झोपू देत नाही. आम्ही लहानपणी त्या भिंतीवर बसून खडे टाकायचो, बा रागवायचा. पाणी काचेसारखं दिसायचं, त्यावर एक तरंग नसायचा. आणि तेव्हाही ते खाली असंच चाललेलं होतं.

डब्यांची अजून एक तपासणी बाकी आहे, ती गाळातल्या चुंबकपणाची. यंत्राला रांग आहे, पुढच्या महिन्यात होईल. ती फक्त खात्रीसाठी.

तुम्ही "सहज विचारतो" असं लिहिलं होतं. तुम्हाला माझ्या कामात एवढा रस वाटला याचं खूप बरं वाटलं.

नलू

*

मारेगाव
२ फेब्रुवारी २००७

चि. नलूस आशीर्वाद.

मी सहज विचारलेलं नव्हतं. तू डॉक्टर होशील, पण माणसाच्या अक्षरातलं तुला वाचता येत नाही.

तू पहिल्या पत्रात लिहिलंस ना, की तळाचं पाणी वाटेतल्या वस्तूला आपल्या दिशेनं वळवतं. ते वाचलं आणि माझ्या हातातला सोल्डर तसाच थंड झाला. बादल ज्या संध्याकाळी गेला तेव्हा तलाव भरलेला होता. भिंतीवर त्याच्या चपला होत्या, शेजारी शेजारी, आणि छत्री. पोलिसांनी गळ टाकून काठ शोधला. काही मिळालं नाही. मग लोकांची तोंडं सुटली. कोणी म्हणालं तेलंगणात मिरची तोडायला पळाला, कोणी म्हणालं दुसरी केली. आणि त्या वर्षांत ज्याचा पत्ता नाही तो औषध पिऊन गेला, असंच सगळे धरून चालत. तुझी आई एकच वाक्य म्हणायची, "ते कामावर गेले." आठ वर्षं तिनं त्यात एक शब्द कमी-जास्त केला नाही.

तळाचं पाणी कुठं जातं हे कळलं तर बादल कुठं गेला हे कळेल, एवढाच माझा हिशेब होता. तुला सांगितलं नाही, कारण तू डब्या मोजताना तुझा हात हलला असता.

आता उत्तर मिळालं. गेट. गेटच्या तोंडाची जाळी त्या पावसाळ्यात लाकडं अडकून तुटली होती; नंतर मीच वेल्डिंग करून दिली, म्हणून पक्कं सांगतो. तिथून माणूस सुटला की नाला, नाल्यातून वर्धा आणि पुढचं तूच लिहिलं आहेस. नलू, तू ज्या समुद्राच्या तळाशी नळी टाकतेस, तिथं तुझा बाप तुझ्या आधी पोचलेला आहे.

मला यात सुटल्यासारखं वाटलं, हे खरं लिहितो. तो पळाला नाही. नायकाशी बोलणं झालं आहे. होळी होऊन जाऊ दे, मग बादलचं दिवसकार्य करू आणि तुझ्या आईची घुगरी उतरवू. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायचे शब्द जुळवतो आहे.

पुढच्या वेळी जहाज त्या जागी गेलं की नळी टाकण्याआधी एकदा हात जोड.

काका

*

गोवा
१३ फेब्रुवारी २००७

काका,

थांबा. आईची घुगरी उतरवू नका. हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवते आहे आणि नायकाच्या घरी फोन करून फक्त एवढाच निरोप ठेवला आहे की नलूचं पत्र वाचल्याशिवाय काहीही करायचं नाही.

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्यानं वाचलं. मग खाली बसले. मग उठून राहिलेली तपासणी त्याच दिवशी मागून घेतली.

गाळ बसताना दाण्याचं अंग पाणी वळवतं. पण त्यातले जे बारीकात बारीक दाणे असतात, त्यांची नजर उत्तरेकडे राहते. पृथ्वीच तेवढं करून घेते. म्हणून गाळाला स्वतःची उत्तर ठाऊक असते. तुम्ही डबीवर कोरलेला बाण आणि गाळाची उत्तर एकाच बाजूला असायला हवी. तशी ती नाही. सगळ्या डब्यांत फरक आहे, आणि सगळ्यांत सारखाच आहे. ब्याऐंशी अंश, म्हणजे चतकोर भाकरीच्या कोनाहून थोडा कमी. एखादी डबी चुकली असती तर मी समजले असते. सगळ्या एकाच बाजूला, एवढ्याच चुकल्या, म्हणजे चूक होकायंत्राला कोणीतरी करायला लावली.

तुम्ही बांबू, नळी, दोर, साग, सगळं लिहिलंत. तराफा कशाचा होता, ते लिहिलं नाहीत.

बाण त्या कोनानं फिरवला तर पाणी गेटकडे जात नाही, काका. ते भिंतीपासून लांब, तलावाच्या आतल्या बाजूला जातं. तिकडे काय आहे? मला आठवत नाही. माझ्या जन्माआधी तिथं जुनं गाव होतं, एवढंच ऐकलं आहे.

नलू

*

मारेगाव
२८ मे २००७

चि. नलूस आशीर्वाद.

साडेतीन महिने तुला पत्र नाही. तुझी दोन कार्डं आली, फोनवरचे निरोपही पोचले. मी जिवंत आहे असं नायकानं तुला कळवलं, ते बरोबर होतं.

तराफा लोखंडी ड्रमांचा होता. चार ड्रम, वर फळ्या. फळीवर होकायंत्र ठेवून मी, खेमसिंग आडे, उत्तर बघत होतो. ज्यानं उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकांना सांगितलं की घड्याळ मोटरीवर ठेवू नका, तो लोखंडावर उभा राहून पृथ्वीला दिशा विचारत होता. लाकडाचा तराफा असता तर मी फळ्यांचा जात-प्रकार लिहिला असता. ड्रम रोज नजरेसमोर असतात म्हणून दिसले नाहीत. तुझं पत्र घेऊन तलावावर गेलो, टेकडीवरच्या देवळाचा कळस धरून तराफ्यावर आणि काठावर होकायंत्र लावलं, दोन्हींतली चूक मोजली. तू लिहिलेल्या कोनाशी ती तंतोतंत जुळली. जमिनीवर बसून राहिलो. होळीनंतरचा कार्यक्रम रद्द केला. नायकाला सांगितलं, माझी चूक झाली. तो म्हणाला, "खेमसिंग, तुह्या तोंडून हे वाक्य आयकायले मी जगलो म्हणायचं."

आतल्या बाजूला काय आहे, असं विचारलंस. जुन्या सागनाला गावाची विहीर आहे. तलावासाठी गाव उठवलं तेव्हा बुजवायची होती. कागदावर बुजवली.

पाणी उतरेपर्यंत थांबलो. गेल्या आठवड्यात तिचं तोंड उघडं पडलं. कडेनं चिखल वाळून भेगाळलेला, आणि मधे ती, गळ्यापर्यंत भरलेली, काळी. एकदम शांत पाणी. हरिसिंगनं त्यावर वाळकं पान टाकलं. पान आधी तसंच राहिलं. मग गोल फिरायला लागलं, इतकं हळू की आम्हाला वाटलं आपलीच नजर फिरते आहे. फिरत फिरत मधे आलं आणि खाली गेलं. वाळकं पान, नलू. ते तरंगायला हवं होतं. हरिसिंग म्हणाला, "चाल भाऊ, घरी जाऊ." मी गेलो नाही.

विहिरीत पडलेल्या बादल्या काढायला मी एक मोठं चुंबक बनवून ठेवलं आहे. ते दोराला बांधून सोडलं. बराच दोर गेला. मग ते कशाला तरी चिकटलं आणि दोर ताठ झाला. ओढलं तर येईना. क्षणभर असं वाटलं, खालून कोणीतरी दोर हातात घेतला आहे आणि वर कोण आहे ते अजमावून बघतं आहे. हे मी लिहितो आहे, कारण घडलेलं सगळं लिहायचं असा माझा नियम आहे. त्याचा अर्थ मी लावत नाही.

मग ते सुटलं आणि वर आलं. गेटचं चाक फिरवायचं लोखंडी हँडल. त्याच्या मानेवरचं वेल्डिंग माझं आहे, मी माझा टाका अंधारातही ओळखतो. बादल गेल्यावर पाटबंधाऱ्यानं नवं करून घेतलं होतं, कारण जुनं त्याच्याबरोबरच गेलं. हँडलला नायलॉनचा दोर होता. दोराला हात-हातभर अंतरावर गाठी.

तू समुद्रात नळी सोडतेस, दोर मोजतेस. आता या गाठींचा अर्थ तुला मी सांगायची गरज नाही. तो खोली मोजत होता. मला आठवलं, तो जाण्याआधी दुकानात आला होता, म्हणाला होता, "खेम्या, गेट बंद आहे अन् पाणी उतरून राह्यलं. जाते कुठं?" मी मोटर खोलून बसलो होतो. म्हटलं, वाफ होत असेल. तो हरिसिंगच्या बापाची, मासे धरताना तरंगायची ट्यूब घेऊन गेला असणार, हँडलचं वजन बांधून तळ चाचपत, एका टोकापासून. आणि त्याला ते भोक सापडलं. त्याच्या हातातला दोर खालच्या पाण्यानं धरला आणि त्यानं सोडला नाही. सरकारी हँडल होतं ना.

पोलिसांत वर्दी दिली. त्यांनी पाहिलं, खाली आठ वर्षांचा गाळ, माणूस उतरवणं शक्य नाही असं लिहून घेतलं.

इथं थांबायला हवं होतं. पण पाणी विहिरीत जातं म्हणजे कुठंतरी निघतं, हे मला सुचलं. मारेगावच्या हलवायाकडून जिलबीचा रंग आणला, खाण्याचाच, पुडा भरून. तो विहिरीत ओतला. मग मी तलावाच्या खाली, नाल्याकाठी, सगळे झरे बघत फिरलो. कुठंच काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर केलं तर पायरीवर तुझी आई बसलेली. तांड्यावरून एकटी आलेली, पुढ्यात घागर. म्हणाली, "भाऊजी, पाणी असं काहून झालं?"

घागरीत केशरी पाणी होतं.

काका

*

गोवा
५ जून २००७

काका,

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून मी पाण्याची ती बाटली टेबलावरून उचललेली नाही. दिवाळीत आणलेली. तिच्यात अजून चार बोटं पाणी आहे. तळाला काळं बसलेलं आहे, ते मी इतके महिने पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. काल बाटलीला बाहेरून चुंबक लावलं. काळे दाणे काचेवरून चढत वर आले. चुंबक नेईन तिकडे आले. मी हात मागे घेतला तेव्हा ते सावकाश खाली उतरले आणि एका रेघेत बसले.

हे विज्ञान आहे. मी हे रोज करते. तरीही मी खोलीतला दिवा चालू ठेवला.

आठ वर्षं आम्ही ते पाणी प्यायलो. मी सुटीला यायची, उन्हातून आल्या आल्या याडी लोटा पुढं करायची, आणि मला वाटायचं, घरी आले. तुम्ही प्यायलात. अख्खा तांडा प्यायला. आमच्या ओळखीच्या पाण्यात तो होता.

तुम्ही आईला काय सांगितलं? पत्र घागरीपाशीच संपवलंत. तुम्ही, जे नळीची जाडीही लिहिता. याडीनं विचारलं, पाणी असं काहून झालं. तुम्ही काय उत्तर दिलंत?

नायक त्या विहिरीचं काय करणार? बुजवणार का? बुजवावी असं मला वाटतं आणि लगेच वाटतं, बुजवू नये. मी आयुष्यभर समुद्राच्या तळाला विचारत आले, पाणी कुठं गेलं. ते आमच्याच चुलीपाशी येत होतं. बाटली मी फेकू शकत नाही आणि पिऊही शकत नाही. काय करू ते कळवा. महिनाअखेर येते.

नलू

*

मारेगाव
१७ जून २००७

चि. नलूस आशीर्वाद.

तुझ्या आईला मी काहीच सांगितलं नाही. हँडल तिच्यासमोर ठेवलं.

पाणी चढलं, जुन्या विहिरीचं तोंड परत बुडालं आहे. पुढचा मजकूर तुझ्या आईचा. तिनं सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं आहे. तिच्या शब्दांना मी हात लावलेला नाही. दोनदा शुद्ध करायला गेलो, पेन जास्त वेळ थांबला म्हणून तिनं ओळखलं.

"नलू बेटा, याडीचा आशीर्वाद.

तुह्या काकानं ते दांडकं माह्यापुढं ठेवलं अन् तोंड फिरवून बसला. दोराच्या गाठी मी हातानं पाह्यल्या. दोन पेच अन् मंग उलटा. बैलाच्या दोराले बी ते तशीच गाठ मारत. दुसऱ्या कोणाची नाही ते. लोक म्हणत पळाला, लोक म्हणत दवाई पेला. मी म्हणत होती, कामावर गेले. आता लोकाईले विचार, कोण खरं होतं.

नायक आलता. म्हणे, बाई, आता तं समजलं, घुगरी उतरव, पुढच्या उन्हाळ्यात त्या इहिरीत धोंडे टाकू अन् तोंड बंद करू. मी म्हणलं, तोंड बंद करान तं माह्या इहिरीत पाणी कुठून येईन? तुमच्या घरच्या घागरी कुठं भरान? नायक उठून गेला. बाया उभ्या होत्या, त्याबी रिकाम्या घागरी घेऊन गेल्या. दोन दिवस कोणी आलं नाही पाण्याले. तिसऱ्या दिवशी सोनीबाई आली. आंधी वाकून पाह्यलं, काठाले हात लावला, मंग बादली सोडली. तिच्या मागून सगळ्या आल्या. आता बादली सोडाच्या आंधी सगळ्याच हात लावतात. मी नाही सांगितलं कोणाले.

घुगरी मी उतरवली नाही. ज्याच्या हातचं पाणी रोज पहाटे घरात येते, त्याची विधवा मी कशी होऊ? माठाखाली काळं बसते ते मी कवाच फेकलं नाही. आठ वर्सं सारवणात घालून राह्यली. चुलीमांगची भिंत त्यानंच काळी आहे, तुले वाटलं धुरानं."

(मी उठलो आणि भिंतीला चुंबक लावून पाहिलं. ते चिकटून राहिलं. — खे. आ.)

"आता पाय, लिहिता लिहिता उठला तुह्या काका. चुंबक लावून पाह्यते. अरे, मी सांगितलं तं खोटं सांगितलं काय?

बाटली फेकू नको. सोबत घेऊन ये अन् इथल्या इहिरीत परत सोड, त्याचं त्याले. अन् आल्यावर पहिले घागरीतलं पाणी पेजो. उभ्यानं नको, बसून पेजो. घाबरू नको. बाप आहे तुह्या.

सांजच्याले चाक फिरते तसंच फिरून राह्यलं. तुह्या काका म्हणे, खडकातली हवा आहे. काल माह्यासोबत काठावर बसला अन् कान लावला. लय वेळ बसला. मंग उठला. मी विचारलं, हवा आहे काय भाऊजी? तं म्हणे, वहिनी, कागद आणा, नलूले लिहू. आता लिहून राह्यला तं कान इहिरीकडंच आहे त्याचा. अक्षर पाहून घेजो."